जयगडच्या सड्यावर स्टायलो फुललं

आमच्या माण तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो. येतो, चहा घेतो, निघतो. त्यामुळे पाण्यावाचून चाऱ्याचं काय होतं ते बघायला रत्नागिरीला चाललेय असं मी घरी सांगितलं, तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली.

"त्यासाठी रत्नागिरीला? अगं, दारात बघ की आपल्या!"

आई शाळेत गेलेली नाही. वडील चौथीत सुटले. घरात पदवी घेणारी मी पहिली, तीही शेतीची. हे मी जाईन तिथे सांगते. लपवायचं कशाला? मिळवलीय.

मी काम करते ती संस्था चाऱ्याच्या पिकांचं बियाणं तयार करते. त्यातलं एक स्टायलो. सगळे त्याला गवत म्हणतात, पण आहे ते मटकी-चवळीच्या भावकीतलं. बारीक देठ, तीन-तीन पानांचा झुबका, शेळ्या त्यावर तुटून पडतात. जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीतही ते तगतं. अडचण बियाची. बी लांबून आणावं लागतं आणि ते वेळेवर कधी मिळत नाही. जयगडजवळच्या एका वाडीत शेळ्या पाळणाऱ्या लोकांनी गट केला आणि म्हणाले, बी आमच्याच सड्यावर का नाही करायचं? आमच्या एका सहकाऱ्याने तिथे पेरणी करून दिली, नंतर तो दुसरीकडे नोकरीला गेला आणि प्रयोग माझ्याकडे आला.

बियासाठी फूल हवं. आणि स्टायलोला भरपूर पाणी दिलं की ते नुसतं पाल्यावर जातं, फुलायचं नाव काढत नाही. म्हणून मी फोनवरून तीन पट्टे करायला सांगितले. पहिल्याला नेहमी पाणी. दुसऱ्याला हिवाळ्यानंतर थेंबही नाही. तिसऱ्याला पानं मिटून पिवळी पडेपर्यंत ताण, मग भरपूर पाणी, आणि पुन्हा बंद. माझा सगळा जीव त्या तिसऱ्या पट्ट्यात होता. संस्थेतल्या माझ्या साहेबांना ते पटलं नव्हतं. "कोकणच्या दमट हवेत ताण बसणार कसा?" ते म्हणाले. "एप्रिलअखेर मी स्वतः येतो. फुलोरा दिसला तर बी तिथेच करू. नाही दिसला तर प्लॉट बंद, आणि तुझं ताण प्रकरणही बंद."

म्हणून साहेबांच्या दोन दिवस आधी मी पोचले.

सडा, संध्याकाळी

आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. आईने बाजरीच्या कडक भाकऱ्या दिल्या होत्या. आमच्याकडे त्या आठवडाभर कडकड मोडतात. निवळीच्या फाट्यावर जयगडची एसटी पकडली तोवर त्या कापडासारख्या वाकत होत्या. साहेबांचं म्हणणं मला एकदम आठवलं, आणि भाकरीचा राग आला.

प्लॉटची जमीन इस्माईलकाकांची. काका जन्मभर बोटीवर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आता आंब्याची थोडी कलमं, एक म्हैस, शेळ्या आणि आवाज एवढं राहिलंय. आवाज अजून डेकवरचाच. त्यांनी मला रस्त्यापासूनच हाक मारली.

"मॅडम! वेलकम! बॅग द्या इकडं!"

मागून त्यांच्या पत्नी, जुबेदाखाला, आल्या. "मॅडम काय, पोर हाय ती. ये गो. उन्हातून आलीस, आधी पाणी पी."

मी म्हटलं, आधी प्लॉट बघू. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

"जेव गो आधी," खाला म्हणाल्या. "गवत काय पळून जातंय?"

तिसऱ्यांचं सुकं, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, सोलकढी. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. मी पहिली शिंपली हातात घेऊन उघडायचं कसं ते बघत बसले तर काका म्हणाले, "उघडलेलीच हाय ती, मॅडम. फक्त खायची." खाला वाढत राहिल्या, मी खात राहिले. त्यावर तांदळाच्या रव्याची गोड सांदणं आली, नारळाच्या रसात भिजवलेली. हात धुतला तेव्हा ऊन कलून गेलं होतं.

वाडी खाली, खाडीच्या अंगाला. वर चढून गेलं की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट, काळपट पठार, जिकडेतिकडे पिवळं वाळलेलं गवत आणि अधूनमधून करवंदाची जाळी. मला वाटलं मी घरीच आले. आमचा माळही एप्रिलात असाच दिसतो. फरक एवढाच, की आमच्या माळावरून समुद्र दिसत नाही आणि बंदराकडे जाणारे ट्रकही ऐकू येत नाहीत. इथे पाऊस चार महिने नुसता ओततो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. जांभा पाणी धरत नाही. "सगळं गळतं हो," काका म्हणाले. "बोटीला एवढी भोकं असती तर मी कधीच बुडालो असतो."

पहिला पट्टा मात्र हिरवागार होता. गुडघ्याएवढा, दाट, तेल लावल्यासारखा. काकांनी दोन्ही हात पसरले. "बघा! रोज संध्याकाळी पाणी सोडतो."

मी खाली बसले. पाला बाजूला करून देठ बघत गेले. फूल एक नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "तिसरा कुठाय?"

"तो ना? तो पलीकडं. काळोख पडत आला, मॅडम. पायात जनावर येईल. उद्या बघू."

हेदवी

दुसऱ्या दिवशी मी चपला घालते तोच मोहिते गुरुजी हजर. गुरुजी शेळ्यांच्या गटाचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. काकांचे लहानपणचे दोस्त.

"आज तुम्हाला हेदवीच्या गणपतीला न्यायचं ठरलंय," ते म्हणाले.

"कोणी ठरवलं?"

"गटाने."

"मला प्लॉट बघायचाय, गुरुजी."

"प्लॉट आहेच. फेरीबोट भरतीला बघावी."

आता विचार करा. यजमान मुसलमान, नेणारे गुरुजी बौद्ध, आणि दोघं मिळून मला गणपतीला पाठवताहेत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी माणदेशातली. गाड्या, माणसं, कोंबड्या घेऊन पाण्यावरून जाणारी बोट मी जन्मात पाहिली नव्हती. गेले.

जयगडहून पलीकडे तवसाळला बोट जाते. गुरुजींनी स्कूटर सरळ बोटीत चढवली आणि आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाडीचं पाणी हिरवट, पुढे समुद्र निळा, मध्ये दोघांची शिवण दिसावी अशी रेघ. गुरुजींनी विचारलं, "तुमच्या घरात शिकलेलं कोण कोण?"

"मीच. पहिली."

"आमच्यात माझे वडील पहिले. छप्पन्न सालानंतर आजोबांनी त्यांना हाताला धरून शाळेत नेलं. त्यांना लोक विचारायचे, शिकून काय करणार? ते म्हणायचे, आधी शिकतो, मग सांगतो." गुरुजी हसले. "तुम्ही पण मान वर करून सांगता. बरं वाटतं ऐकायला."

हेदवीच्या दशभुज गणपतीपाशी गुरुजी बाहेर झाडाखाली बसले. "तुम्ही निवांत जाऊन या. मी इथे येतो तो घळीसाठी." देऊळ टेकडीवर, स्वच्छ, शांत, मूर्ती पांढरी. मी नमस्कार केला आणि तिसऱ्या पट्ट्याचं सांगितलं. मग गुरुजींनी मला समुद्राकाठची घळ दाखवली. खडकाला उभी चीर आहे, भरतीची लाट तिच्यात शिरली की पाण्याचा खांब आभाळात उडतो आणि आपण चिंब. माझा मोबाइलही चिंब. "सांगितलं नाही का मी, मागे उभ्या राहा?" गुरुजी म्हणाले. सांगितलं नव्हतं.

परत येताना मी तिसऱ्या पट्ट्याबद्दल तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्यांनी शेळ्यांच्या जाती सांगितल्या. दुसऱ्यांदा भाताच्या. तिसऱ्यांदा म्हणाले, "इस्माईल सांगेल."

अढी

घरी पोचलो तर खालांनी मोठी परात पुढे ठेवली. "आंबा खा गो. अढीतला हाय."

अढी म्हणजे पेंढ्यात आंबे रचून पिकत घातलेली रास. खोलीच्या कोपऱ्यात ती होतीच, आणि शेजारी मुंबईच्या लेकीसाठी भरायला काढलेल्या लाकडी पेट्या. वास असा की माणसाने तिथेच बसून राहावं. खालांनी अढीत हात घालून एक हापूस काढला. त्याच्याबरोबर चार काड्या आल्या आणि माझ्या मांडीवर पडल्या.

मी एक काडी उचलली. भाताचा पेंढा पोकळ असतो. ही भरीव होती, बारीक फांद्या फुटलेली. एका फांदीला वाळकं पान चिकटून होतं. तीन पानांचा झुबका.

"खाला, हे काय आहे?"

खालांनी आंबा परातीत ठेवला. काका ओटीवर खोकले. गुरुजी निघायला उठले आणि परत बसले.

"हे स्टायलो आहे," मी म्हटलं. "हे माझं स्टायलो आहे!"

मग सगळं बाहेर आलं. मार्चात पहिला आंबा उतरला. पेंढा कमी पडला, कारण म्हशीने आणि शेळ्यांनी तो आधीच संपवला होता. खाला वर सड्यावर गेल्या. तिसरा पट्टा पिवळा पडलेला, पानं मिटलेली, देठ मऊ. पेटीत घालायला याहून चांगलं काय? विळ्याने अर्धा पट्टा कापून भारा खाली आणला. माझा अर्धा प्रयोग आंब्याखाली बसून मुंबईला गेला होता.

"मला काय ठावक?" खाला म्हणाल्या. "मला वाटला, मेला तो."

"मेला नव्हता. मुद्दाम उपाशी ठेवला होता!"

"अगो, मग तसा सांगायचा ना ह्यांनी! हे बोटीवर कॅप्टनला सांगायचे, मला काय सांगतात?"

काका आत आले. आवाज डेकवरचा नव्हता. "त्याच आठवड्यात तुमचा फोन आला, आता पाणी द्या म्हणून. मी दिलं. सगळ्या पट्ट्याला दिलं, कापलेल्याला पण. पालवी आली. पण फूल काय दिसलं नाय. ना कापलेल्यात, ना उभ्या गवतात. तुमच्या नोकरीवर येईल म्हणून बोललो नाय."

"साहेबाला सांग, म्हातारीने खाल्ला," खाला म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

मी ती काडी बोटात फिरवत बसले. साहेब उद्या येणार. ते प्लॉट बंद करणार आणि बरोबरच म्हणणार. गटाला पुन्हा बियासाठी लांबच्या दुकानांची तोंडं बघावी लागणार. आंबा तसाच परातीत.

मग काकांचं एक वाक्य डोक्यात परत आलं. रोज संध्याकाळी पाणी सोडतो.

"काका, तुम्ही वर सड्यावर नेहमी संध्याकाळीच जाता?"

"मग? दिवसा विहिरीचं पाणी घरांना लागतं. पाइप संध्याकाळीच सुटतो."

"सकाळी कोण जातं?"

"सकाळी?" काकांना प्रश्नच कळला नाही. "सकाळी सड्यावर कशाला कोण जाईल? सकाळी जेटीवर मासळी येते!"

आमच्या गावात सकाळ उजाडते ती रानात. या गावाचं तोंड सकाळी समुद्राकडे असतं आणि सड्याकडे पाठ. आणि स्टायलोचं फूल सकाळी उघडतं, ऊन चढलं की मिटतं. संध्याकाळी उरतो तो तपकिरी टाचणीच्या डोक्याएवढा चुरगळा. चष्मा न लावणाऱ्या बोसनला तो दिसणार नाही. मलाही, दिवेलागणीला, पहिल्या पट्ट्यात शोधताना दिसला असता की नाही, सांगता येत नाही.

"उद्या जेटीवर कोणी जायचं नाही," मी म्हटलं. "सगळे वर."

"मासळी?" गुरुजींनी विचारलं.

"डाळ खा एक दिवस!" खाला त्यांच्यावर ओरडल्या.

सडा, सकाळी

सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर आला तेव्हा आम्ही चढत होतो. खाला सगळ्यात पुढे. पहिला पट्टा ओलांडला, हिरवा, मस्तवाल, आणि सकाळीही बिनफुलाचा. दुसरा पट्टा करपून गेलेला. त्याने पाण्याची वाट बघितली, बघितली आणि सोडून दिलं. देठ बोटात मोडत होते.

त्यापलीकडे खाला थांबल्या होत्या.

तिसरा पट्टा फुलला होता.

उभं राहिलेलं अर्धं ठिपक्याठिपक्यांनी फुललं होतं, इथे दहा फुलं, तिथे नुसती कळी, तिकडे बी धरायला लागलेलं. पण कापलेलं अर्धं! ते एकदम फुललं होतं. एका उंचीवर, एका वेळी, हळदीने सारवल्यासारखं. एवढंसं फूल, नखापेक्षा लहान, पण इतकी की खालचा पाला दिसेना. मधमाश्या तर आमच्या आधीच कामाला लागलेल्या.

मला काय झालं ते सांगते. मी ओरडले. शब्द नाही, नुसती ओरडले, माळावर मेंढरांना हाक देतात तशी. सड्यावरून टिटव्या उडाल्या. काकांनी लगेच डेकवरचा आवाज लावला आणि तेही ओरडले. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, शाळेत कवायतीला वाजवतात तशा, तालात.

"हा मी कापलेला?" खाला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "हाच? मी?"

काल भिजलेला मोबाइल रात्रीत सुकून चालू झाला होता, त्यावरून मी साहेबांना फोन लावला. ते रत्नागिरीत मुक्कामाला होते.

"हां, पोचतो दुपारी," ते म्हणाले. "जेवूनच निघतो."

"नाही, साहेब. आत्ता निघा."

त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते.

"फुलं मिटतील," मी म्हटलं. "जेवण इथे आहे. फुलं तुमच्यासाठी थांबायची नाहीत."

ते आले. गुरुजी फाट्यावर स्कूटर घेऊन उभे होते, त्यांच्या मागोमाग साहेबांची जीप थेट वर आली. ऊन तापायला लागलं होतं, फुलं अजून उघडी होती. साहेब उतरले आणि चालत चालत थांबले. मग पँट न सांभाळता जांभ्यावर उकिडवे बसले.

"ताण बसला म्हणायचा," ते म्हणाले.

"बसला. हवा दमट असली तरी मुळाशी ओल नव्हती. झाडाने वाढ थांबवली, पानं टाकली, पण कोंबांचे डोळे जिवंत ठेवले. पाणी मिळालं तसे ते फुटले आणि फुटव्याबरोबर कळी आली. दुसऱ्या पट्ट्यात ताण इतका लांबला की डोळेही गेले. पहिल्याला कधी निकडच पडली नाही."

"आमच्या आंब्यासारखा," काका मध्ये बोलले. "ताण नाय तर मोहोर नाय."

"आणि इथे एकाच वेळी का? शेजारी तर मागेपुढे आहे," साहेबांनी विचारलं.

"इथलं कापलं गेलं होतं. उभ्या अर्ध्यात जुन्या फांद्या, नव्या फांद्या, प्रत्येकीचं वय वेगळं. इथे सगळे फुटवे एकाच आठवड्यातले. म्हणून फूल एकदम, बी एकदम. गोळा करायलाही एकदाच यायचं."

साहेबांनी एका उघड्या जागेवर बोट ठेवलं. "ही झाडं मेलीत."

"अगदी बुडाला विळा लागला तिथे मेलीत. थोडं वर कापायला हवं."

"कापायचं तू कधी ठरवलंस? मला बोलली नाहीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. काका तर मान हलवून खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"मी नाही ठरवलं. जुबेदाखालांनी आंब्याच्या पेटीसाठी कापलं. ताण माझा, कापणी त्यांची."

साहेबांनी खालांकडे बघितलं. खालांनी पदर सारखा केला. मग साहेब हसायला लागले, असे की त्यांना जांभ्यावर हात टेकावा लागला. आणि उठताना ते गटाला म्हणाले, "प्लॉट बंद करायचा विषय संपला. पुढच्या पावसात हा सगळा तुकडा स्टायलोखाली आणा. बी इथेच होईल. ताण कधी, कापणी कधी, पाणी कधी, हे मॅडम सांगतील."

ऑफिसात ते मला नावाने हाक मारतात. काकांच्या ते लक्षात आलं असावं. "आम्ही तर पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणतो," ते म्हणाले.

खाला पुढे झाल्या. "कापीन मी. वर ठेवून कापीन. पण साहेब, पेंढा कोणाचा, ता आधी ठरवा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"पेंढा खालांचा," मी म्हटलं.

"मग पोरी, विळा पण मीच धार लावून ठेवतंय," खाला म्हणाल्या, आणि साहेबांना जेवायला चला म्हणून खाली निघाल्यासुद्धा.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा पश्चिमेचा वारा सुटला होता आणि मागे पट्ट्यावरची फुलं एकेक मिटत होती. मिटू देत. ज्यांनी बघायची त्यांनी बघितली होती, आणि आता फुलांना बी धरायचं होतं.